मेहेरबानी नव्हे, देणे

प्रेसवर कामगाराचे बोट गेले की पट्टी वाळायच्या आत तीन वाक्ये ऐकू येतात. ‘चूक त्याचीच होती.’ ‘मालकाने दवाखान्याचे बिल भरले, आणखी काय हवे?’ ‘घरबसल्या पैसे मिळाले तर कामावर येईल कोण?’ भोसरी-चाकणच्या शेडांत ती इतक्या सहज बोलली जातात, की कामगारालाही खरी वाटू लागतात. म्हणून एकेकाचा समाचार घेऊ.

डायखाली दिवसभर पत्रा सरकवणाऱ्या हाताकडून एकदाही गफलत होऊ नये, ही अपेक्षाच अमानुष आहे. 1923 च्या भरपाई कायद्यानेही साध्या गफलतीला मालकाची सबब मानलेले नाही. नशा, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे अशा मोजक्याच सबबी त्याला सांगता येतात. मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर त्याही चालत नाहीत.

दुसरे वाक्य उपकाराचे. पण ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी मजुरीच्या हिशेबानेच जमा होते: मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के. प्रा. बी. पी. अदारकर यांच्या 1944 च्या अहवालातून आणि 1948 च्या कायद्यातून उभी राहिलेली ही विमा योजना आहे. इथे दान कुणीच करत नाही. अपघात लाभासाठी ठरावीक काळ वर्गणी भरल्याची अटही नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेले तरी हक्क लागू होतो. जिथे ईएसआय नाही, तिथे भरपाई मालकाने द्यायची. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची सुटका नाही. हातावर काही हजार ठेवून ‘माझी तक्रार नाही’ असे लिहून घेतलेल्या कागदाने कायद्याचा हक्क बुडत नाही. हे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले, तरी ही तत्त्वे कायम आहेत.

तिसऱ्या वाक्याला उत्तर मी डोळ्यांनी पाहिले आहे. उजवी तर्जनी मुळापासून गेलेला एक ऑपरेटर माझ्यासमोर शर्टाचे बटण लावत होता. अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीतून ते पुन्हा पुन्हा निसटे. चौथ्या खेपेला काजात गेले, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता डबा उचलला आणि तो पाळीवर निघाला.

हा माणूस घरी बसलेला नाही. बरे होईपर्यंत मिळणारा 90 टक्के मजुरीचा लाभ डॉक्टरच्या दाखल्यावर चालतो आणि कामावर रुजू झाल्यावर थांबतो. कायमच्या अपंगत्वाचा लाभ मात्र काम करतानाही मिळतो, कारण तो गमावलेल्या कमाईच्या क्षमतेचा असतो. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण तर्जनी म्हणजे 14 टक्के, अंगठा 30 टक्के. सरासरी मजुरी दिवसाला 500 रुपये धरली, तर तिचे 90 टक्के 450 आणि त्याचे 14 टक्के 63 रुपये. रोज 63 रुपयांसाठी कुणी बोट तोडून घेत नाही. खोट्या दाव्याची भीती असेल तर तपासायला वैद्यकीय मंडळ आहेच. त्या भीतीपोटी खऱ्याचा दावा अडवण्याचा अधिकार सुपरवायझरला नाही.

म्हणून युनियनने आणि शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याने एवढे तरी करावे: अपघाताची नोंद त्याच दिवशी वहीत करून घ्यावी, पाहणाऱ्यांची नावे लिहावीत, ईएसआयचा आयपी (विमाधारक) नंबर आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. बोट गेलेल्या हाताने त्या दिवशी पेन धरता येत नाही. त्याच्यासाठी लिहिणारा हात आपला असला पाहिजे.