पिकअप म्हणजे ट्रॅक्टर नव्हे

दुर्ग जिल्ह्यातील धमधा परिसराचा टोमॅटो पिकअप गाड्यांत भरून भिलाई-दुर्गच्या बाजारात येतो. तोडणीच्या दिवसांत गाडी एक दिवस जरी उभी राहिली, तरी क्रेटमधला पिकलेला माल तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून नव्या गाडीचे बिघाड केवळ गॅरेजवर सोपवून भागणार नाही; ती काढणीपश्चात व्यवस्थापनाचीच बाब मानली पाहिजे. यातील पुष्कळ बिघाडांचे मूळ निष्काळजीपणात नसून ट्रॅक्टरने लावलेल्या सवयींत असते.

1 एप्रिल 2020 पासून नव्या मोटारगाड्यांना बीएस-6 मानके लागू झाली आणि डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. शेतावरील बहुतेक ट्रॅक्टरांना ती नाही. साचलेली काजळी सुमारे 600 अंश सेल्सिअसला जळून जाते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. शेत ते गावचा फाटा अशा फेऱ्यांत ते घडत नाही. मग दिवा लागतो आणि दुर्लक्ष झाल्यास इंजिनाची ताकदच कमी होते. दिवा लागताच, गाडीच्या पुस्तिकेनुसार, राष्ट्रीय महामार्ग 53 वर वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवणे हा बहुधा बिनखर्चाचा उपाय ठरतो. मात्र काजळी जळत असताना खालचा भाग अतिशय तापतो. त्या वेळी खळ्यावर, धानाच्या तणसावर गाडी उभी करणे म्हणजे आगीला आमंत्रणच.

ट्रॅक्टरसाठी आणलेले इंजिन तेल पिकअपमध्ये ओतणे ही दुसरी सवय. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचे तेल लागते. काजळी जळते, राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. गजावर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर त्यात समाधान मानू नये. काजळी जळण्याचे काम वारंवार अर्धवट राहिल्याने डिझेल तेलात उतरल्याचे ते लक्षण असू शकते.

सर्वांत घातक मोह मात्र युरियाचा. काही गाड्यांत डिझेलखेरीज डीईएफ नावाचे द्रावण भरावे लागते. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले खनिजरहित पाणी असते. हे वाचून घरातले पोते आठवणे स्वाभाविक आहे. पण शेतीचा युरिया 2015 पासून सरसकट निमलेपित आहे. त्यात बाययुरेट व इतर अशुद्धीही असतात. त्याने फवारणीचे तोंड चोंदते आणि महागडा उत्प्रेरक निकामी होतो. शिवाय खताचा असा वापर 1985 च्या खत नियंत्रण आदेशाचा भंग ठरतो. विस्तार कार्यकर्त्यांनी याबाबत आडपडदा ठेवू नये. विकत घेतलेले द्रावणही भिलाईच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. उष्णतेने ते लवकर खराब होते.

फोर-व्हील ड्राइव्हबाबत गैरसमज वेगळा आहे. छत्तीसगडच्या कन्हार जमिनीत, म्हणजे विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीसारख्या चिखलात, ती सोय अमोल आहे. परंतु अनेक पिकअपमध्ये पुढची व मागची चाके त्या वेळी एकमेकांना घट्ट जोडली जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर, विशेषतः वळणावर, त्याचा ताण गिअरवर येतो आणि नंतर फोर-व्हील सुटत नाही. अशा वेळी जोर न लावता गाडी काही फूट सरळ मागे घ्यावी. बहुधा ती सुटते. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे हवेत. एकच नवा टायर घालून केलेली बचत पुढे गिअरबॉक्सच्या खर्चात जाते. नाल्याच्या खोल पाण्यातून गाडी गेली असेल, तर गिअर व ॲक्सलचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसले की पाणी शिरले असे समजावे. नंदिनीच्या चुनखडी खाणींकडच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीआधीच पाहावा, हे वेगळे सांगायला नको.

ट्रॅक्टरच्या निगेवर प्रशिक्षणे होतात. पिकअपला त्यात अर्धा दिवसही सहसा मिळत नाही. दुर्गपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतच्या कृषी विज्ञान केंद्रांनी टोमॅटोच्या तोडणीपूर्वी तो द्यावा. डॅशबोर्डवरील प्रत्येक दिव्याचा अर्थ सांगणारा तक्ता मराठीत व छत्तीसगढीत छापून गाडीच्या कप्प्यात ठेवायला द्यावा. शेतात गाडी अडते तेव्हा चालकाच्या हाताशी इंग्रजी पुस्तिका असते आणि माल उन्हात असतो.