रबराचा भाता

आमच्या एपीएमसी मार्केटात ट्रकखाली आडवा होऊन जॉइंट क्रॉसला ग्रीस मारणारा क्लीनर नेहमी दिसतो. व्होल्वो पेंटाने १९५९ साली आणलेल्या स्टर्नड्राइव्हमध्येही तसाच क्रॉस असतो. फक्त त्याच्याभोवती रबराचा भाता. तो फाटला की पाणी आत! तरी जुनी स्पीडबोट घेणारे हौशी लोक रंग बघतात, गाद्या बघतात.

माझं मत विचाराल तर पावसाळ्यात बोट वर काढली की आधी भात्याच्या घड्या चाचपाव्यात, गिअर ऑइल काढून बघावं (दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय), झिजलेलं झिंक बदलावं. ट्रक बिघडला तर रस्त्याकडेला उभा राहतो हो. बोट बुडते, आणि तीत आपलीच पोरंबाळं बसलेली असतात.