महाल कोणाचे, कर्ज कोणाचे? एमटीव्हीच्या घसरणीचा एक वाचनपाठ

१/ सप्टेंबर २००० मध्ये एमटीव्ही या अमेरिकी वाहिनीवर 'क्रिब्ज' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा साचा ठरलेला होता. नामवंत कलावंत दार उघडतो, दिवाणखाना दाखवतो, फ्रीज उघडतो, शयनगृहाच्या उंबऱ्यावर तोच तो विनोद करतो आणि शेवटी गाड्यांच्या रांगेपाशी निरोप घेतो. पुढे यांतली काही घरे त्या कलावंतांची नव्हतीच, असे उघड झाले. 'सगळाच बनाव होता' असा निकाल लागला आणि विषय मिटला. हा निकाल घाईचा आहे.

२/ बखरी वाचणाऱ्यांना ही अडचण परिचित आहे. बखरीतले सैन्याचे आकडे कोणी जसेच्या तसे स्वीकारत नाही, तरीही बखर टाकून देत नाही. ती कोणी लिहवून घेतली आणि त्याला काय दाखवायचे होते, हे तिच्यातून कळते. 'क्रिब्ज'लाही तोच प्रश्न विचारायला हवा: हे ऐश्वर्य दाखवण्याची गरज कोणाला होती?

३/ त्यासाठी आधी वाहिनीचा हिशेब पाहावा लागेल. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. गाण्यांच्या चित्रफितींचा खर्च ध्वनिमुद्रण कंपन्या करत आणि प्रसिद्धी मिळते म्हणून त्या फिती वाहिनीला पुरवत. वाहिनीला आयता मजकूर मिळे, कंपनीला आयती जाहिरात. वाहिनीचे पहिले दशक या सोयीच्या सौद्यावर उभे राहिले.

४/ या सौद्यात एक उणीव होती. गाणे तीन-चार मिनिटांचे. ते आवडले नाही की प्रेक्षक वाहिनी बदलतो. जाहिरातदाराला मात्र अर्धा तास खिळून राहणारा प्रेक्षक हवा असतो. १९९२ मध्ये 'द रिअल वर्ल्ड' आले. पटकथेवर बेतलेली मालिका महाग पडेल म्हणून अनोळखी तरुणांना एका घरात ठेवून चित्रीकरण करण्याचा हा मार्ग निवडला गेला होता. तो यशस्वी झाला आणि गाण्यांवाचूनही एमटीव्ही चालते, हे वाहिनीला उमगले.

५/ आता कलावंताचा हिशेब. कंपनी करार करताना जी आगाऊ रक्कम देते, ती कलावंताच्या पुढील मानधनातून वळती होते. चित्रफितीच्या खर्चाचाही काही भाग बहुधा त्याच्याच खात्यावर पडतो. टीएलसी या गायिकात्रयीच्या 'क्रेझीसेक्सीकूल' या अल्बमच्या लक्षावधी प्रती खपत असताना, १९९५ मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. पडद्यावरची कीर्ती आणि बँकेतली शिल्लक यांचा संबंध किती सैल होता, हे 'क्रिब्ज'च्या पाच वर्षे आधीच दिसून आले होते.

६/ काळही लक्षात घ्यावा. १९९९ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती. तो त्या काळातला कळस होता. त्याच वर्षी नॅपस्टर आले आणि गाणी फुकट हातोहात फिरू लागली. २०१४ पर्यंत ही उलाढाल निम्म्याहून खाली आली. व्यवसायाला ओहोटी लागण्याच्या उंबरठ्यावर त्याच्या भरतीचे प्रदर्शन मांडणारा कार्यक्रम सुरू व्हावा, हे नुसते वैभवाचे चित्रण मानता येत नाही.

७/ या प्रदर्शनात प्रत्येकाचा लाभ होता. कलावंताची प्रतिमा उजळे, कंपनीला आपला कलावंत यशस्वी दिसे आणि वाहिनीला एकही गाणे न लावता अर्धा तास भरता येई. गायिका जोजो हिने आपल्या भागात दाखवलेले घर एका नातेवाइकाचे होते, असे पुढे स्वतःच सांगितले. ती तेव्हा किशोरवयीन होती. त्या वयाच्या मुलीवर खोटेपणाचा ठपका ठेवण्यापेक्षा, तिच्याकडे महाल असलाच पाहिजे ही अपेक्षा कोणी निर्माण केली, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

८/ याच कार्यक्रमात अपवादही सापडतो. २००१ मध्ये रॅपर रेडमन याने स्टेटन आयलंडमधले आपले खरे, लहानसे आणि पसारा पडलेले घर दाखवले. दारावरची घंटा वाजवण्यासाठी दोन तारा एकमेकींना टेकवाव्या लागत. चुलतभाऊ जमिनीवर झोपलेला होता. प्रेक्षकांना हा भाग आजही आठवतो. बाकीच्या भागांत काय दडवले जात होते, ते या एका घराने दाखवले.

९/ घर खरे असले तरी प्रश्न संपत नाही. फिफ्टी सेंटने कनेक्टिकटमधला माइक टायसनचा ५२ खोल्यांचा वाडा ४१ लाख डॉलरला विकत घेतला होता. २०१५ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर नोटांच्या थप्प्यांसह काढलेल्या त्याच्या छायाचित्रांबद्दल न्यायालयाने विचारणा केली, तेव्हा त्या नोटा बनावट, देखाव्यापुरत्या असल्याचे त्याला सांगावे लागले. २०१९ मध्ये तो वाडा २९ लाखांना विकला गेला.

१०/ वाहिनीचा मार्ग मात्र सरळ होता. 'क्रिब्ज'मध्ये ऑझी ऑस्बर्नचे कुटुंब गाजले आणि त्यातून २००२ मध्ये 'द ऑस्बर्न्स' ही मालिका निघाली. गायकाचे घर पडद्यावर राहिले, गाणे बाहेर गेले. २००८ मध्ये 'टीआरएल' हा लोकप्रिय संगीत-कार्यक्रम बंद झाला. २०१० मध्ये बोधचिन्हाखालचे 'म्युझिक टेलिव्हिजन' हे शब्दही पुसले गेले.

११/ यूट्यूबने संगीतवाहिनी मारली, असे सर्रास म्हटले जाते. कालक्रम त्याला पुष्टी देत नाही. यूट्यूब २००५ मध्ये आले, तेव्हा 'द रिअल वर्ल्ड' तेरा वर्षांचे होते. वाहिनीने संगीताची वाट आधीच सोडली होती. यूट्यूबने परतीची वाट बंद केली. भारतातही हाच क्रम दिसतो. १९९६ मध्ये आलेल्या एमटीव्ही इंडियाची ओळख २००३ नंतर 'रोडीज'शी जोडली गेली.

१२/ आज या इतिहासाची साधनेच नाहीशी होत आहेत. २०२३ मध्ये एमटीव्ही न्यूज हा विभाग बंद झाला. जून २०२४ मध्ये त्याच्या संकेतस्थळावरील दोन दशकांहून अधिक काळाच्या बातम्या आणि मुलाखती हटवल्या गेल्या; इंटरनेट अर्काइव्हमुळे त्यांतल्या काही वाचल्या. 'क्रिब्ज'चे तुकडे मात्र सहज सापडतात. म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला कलावंताचा फ्रीज दिसेल, त्याचे म्हणणे शोधावे लागेल.

१३/ दरबाराची बखर उरली आणि दफ्तर जळाले, तर इतिहास दरबाराच्याच बाजूने लिहिला जातो. म्हणून 'क्रिब्ज'ला हसून सोडून देऊ नये. त्यातल्या प्रत्येक महालाशेजारी त्या वर्षीचा करार, खप आणि कर्ज मांडून तो भाग पुन्हा पाहावा. आणि घरच्या माळ्यावर जुन्या व्हीएचएस फिती किंवा संगीतविषयक मासिके पडली असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. मोठ्या कंपन्यांनी जे जपले नाही, ते कदाचित तिथेच उरले असेल.