कन्सोलसाठी हेडसेट घ्यायचाय? मग वायरचाच घ्या



सुट्टी लागली की नातवंडांची यादी येते आणि हल्ली त्या यादीत ‘गेमिंग हेडसेट’ असतोच. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घरात आधीच आलेला असतो, तो मुलाने-सुनेने आणलेला. हेडसेट मात्र आजीच्या पाकिटातून जायचा असतो. मग आपल्यातल्या काहीजणी ‘असली थेरं नकोत’ म्हणून विषयच बंद करतात, आणि काहीजणी दुकानदार दाखवील तो आठ-नऊ हजारांचा बिनवायरचा घेऊन मोकळ्या होतात. मला दोन्ही पटत नाही. घरात कन्सोल असेल तर हेडसेट हवाच. हॉलमध्ये धडाधड गोळीबार आणि आतल्या खोलीत आपली सामायिक, हे किती दिवस चालायचं? पण तो साधा, वायरचा, दोन ते चार हजारांच्या आतला असावा.

वायरचाच का, तर कारण सोपं आहे. आपल्या मोबाइलला जोडतो ते ब्लूटूथचे हेडफोन प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स आवाजासाठी थेट घेतच नाहीत. बिनवायरचा हवा तर त्या कन्सोलसाठीच बनवलेला, बहुतेक वेळा सोबत वेगळी यूएसबी कांडी असलेला घ्यावा लागतो. जास्तीचे पैसे जातात ते तिथे आणि बॅटरीत. वायरच्या हेडसेटची पिन सरळ हातातल्या कंट्रोलरमध्ये जाते, म्हणजे टीव्हीपासून सोफ्यापर्यंत वायर ताणायची भानगड नाही. चार्जिंग नाही, आणि आवाज मागून येण्याचा प्रश्नही नाही.

मी कॉमर्सची, त्यामुळे घसारा डोक्यात येतोच. समजा २,४०० रुपयांचा हेडसेट तीन वर्षं चालला, तर वर्षाला ८०० पडले. ९,००० चा घेतला आणि तीन वर्षांत त्याची बॅटरी थकली, तर वर्षाला ३,०००. अशी बॅटरी बदलून देणारा कारागीर आपल्या गावात सापडतो का बघा! वायर तुटली तर निदान रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाला डाग तरी देतो. वायर काढून नवी लावता येईल असा हेडसेट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आता पिन नीट बघा, कारण फसायला होतं ते इथेच. ३.५ मिलिमीटरची एकच पिन हवी आणि तिच्यावर तीन काळ्या रेघा हव्यात. दोनच रेघा असतील तर त्यात माइक चालणार नाही. हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना असतील तर तो कॉम्प्युटरसाठीचा आहे. यूएसबीचा हेडसेट प्लेस्टेशनला सहसा चालतो, पण एक्सबॉक्सला साधा यूएसबी हेडसेट चालत नाही. म्हणून ३.५ ची पिन सगळ्यात बिनघोर. पुढे घरातला कन्सोल बदलला तरी हेडसेट वाया जात नाही. दोन अपवाद लक्षात ठेवा. अगदी सुरुवातीच्या एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरला हे भोकच नव्हतं. आणि निन्टेंडो स्विचमध्ये पिन कंट्रोलरला नाही, कन्सोलच्याच डोक्यावर लागते.

काही स्वस्त हेडसेटना पिनेबरोबर एक यूएसबीचं शेपूटही असतं. ते फक्त कानावरचे रंगीत दिवे लागावेत म्हणून. खेळणाऱ्याला ते दिवे दिसतसुद्धा नाहीत! खोक्यावर ‘७.१ सराउंड’ मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्यालाही भुलू नका. ती करामत बहुधा कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरची असते, ३.५ च्या वायरीतून डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात. मागून पाऊल वाजल्याचा भास प्लेस्टेशन ५ स्वतःच तयार करतो, तोही कुठल्याही साध्या हेडसेटवर. एक्सबॉक्समध्ये विंडोज सॉनिक फुकट आहे. मग खोक्यावरच्या आकड्याला हजार रुपये कशाला मोजायचे?

पैसे मोजायचे ते वजनासाठी आणि कानाच्या गाद्यांसाठी. लॉजिटेकचा जी ३३५ आणि रेझरचा ब्लॅकशार्क व्ही २ एक्स २४० ग्रॅमच्या आसपास आहेत, हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर २७५ चा. साडेतीनशेच्या पुढचा लहान मुलाच्या मानेवर नको. नातवाला चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट घालून दहा मिनिटं बसवा; दांडी टोचली तर तो मुलगा हेडसेट आठवड्यात कोपऱ्यात टाकणार. गाद्या शक्यतो कापडी घ्या. स्वस्त हेडसेटला खरं चामडं सहसा नसतंच, रेक्झिनसारखं असतं. तरी ‘लेदर’ शब्द दिसला की मी विचारते, आणि दुकानदाराला सांगता आलं नाही तर तो हेडसेट खाली ठेवते. कापडात तो प्रश्नच उरत नाही. शिवाय आपल्याकडच्या घामाने रेक्झिनला दोन उन्हाळ्यांत पोपडे सुटतात आणि ते काळे तुकडे पोराच्या गालाला, उशीला चिकटतात. कापडी गादी काढून धुता येते का, हेही विचारून घ्या.

माझा जीव अडकतो तो मात्र कानांत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा: मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. आणि आवाज दर ३ डेसिबलनी वाढला की वेळ निम्मी होते, म्हणजे मोठ्यांनाही ९० डेसिबलला आठवड्यात चारच तास. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, आकडा थोडा वाढतो आणि बोजा भलताच. महागडा हेडसेट घेतला म्हणून कान वाचत नाहीत, दोन्हीवर आवाज सारखाच वाढवता येतो. म्हणून हेडफोनचा आवाज कन्सोलच्या सेटिंगमध्ये निम्म्याच्या खाली आणून ठेवा. घरची कसोटी म्हणजे हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोललेलं त्याला ऐकू आलं पाहिजे. सूर्यास्ताआधी जेवायला बसायचं असतं आणि चार हाका मारूनही पोरगा हलत नाही, तेव्हा दोष त्याच्या आळसाचा नसतो, आवाजाचा असतो.

आणखी एक गोष्ट आपल्यात कोणी फारशी बोलत नाही. टीव्हीचा आवाज मोठा होता तोवर समोरून कोण काय बोलतंय ते घरभर ऐकू येत होतं. हेडसेट लागला की घर शांत होतं, पण त्या माइकच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे आपल्याला कळेनासं होतं. ऑनलाइन खेळात अनोळखी मोठी माणसं असतात, शिव्या असतात, नाव-गाव विचारणारेही असतात. म्हणून हेडसेट द्यायच्या दिवशीच सुनेला बरोबर घेऊन मुलाचं वेगळं खातं उघडा आणि त्यात पालकांच्या नियंत्रणाखाली बोलणं बंद करून टाका. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींत ही सोय आहे. बारा-तेराचा होईपर्यंत खेळ हॉलमध्येच, दार लावून नाही. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर मधोमध माइक बंद करायचं बारीक बटण असतं, ते त्याला दाखवून ठेवा. माइक बंद असला की त्यावर केशरी दिवा लागतो, तो लांबून आपल्यालाही दिसतो.

नियंत्रणाचा पासवर्ड नातवाच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका, ती तो पहिल्यांदा टाकून बघतो. बिल आणि खोका वॉरंटी संपेपर्यंत जपा. आणि पिन उपसताना वायर ओढायची नाही, पिनेलाच धरायचं, हे पहिल्या दिवशीच सांगा. नव्वद टक्के हेडसेट तिथेच मरतात असं आमचा दुरुस्तीवाला म्हणतो.