चौथी पिशवी

आमच्या निगडीच्या घरी दिवाणखान्यातील बाकावर रोज रात्री तीन पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. पहिली चिरंजीवांची, ते चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस असून पहिल्या पाळीची बस पहाटेच निघते. दुसरी नातवाच्या शाळेची. तिसरी यजमानांची, फिरावयास जाण्याची. तीत त्यांच्या गोळ्या, चष्मा व छत्री. या तिन्ही सूनबाई भरते, आणि त्यांत कधी काही राहून गेल्याचे मला स्मरत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून बाकावर चौथी पिशवी आली. ती खुद्द सूनबाईची. तीत मात्र नेहमी काही ना काही राहून जाई. वाचकभगिनींनो, या महिन्यात त्या चौथ्या पिशवीविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला ती जवळच्या जिममधील सायकलच्या वर्गास जाते. “जागची न हलणारी सायकल चालवून पोहोचावयाचे कोठे?” असे प्रथम मीही विचारले होते. परंतु ही कल्पना काही आजची नव्हे. जागच्या जागी हातपाय चालविण्याच्या यंत्राचे पेटंट फ्रान्सिस लाउंड्स याने इंग्लंडात १७९६ सालीच घेतले होते. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेतही अशा सायकली होत्या. शिवाय आमच्या भागाची गोष्ट निराळी. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले. त्या काळी कामगार सायकलीवरूनच कामावर येत. आज पाळी सुटण्याच्या वेळी चाकणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेतून व्यायामासाठी सायकल हाकावी, असे कोणता शहाणा सुचवील?

श्रावणातील एका सकाळी डबे भरण्याच्या गडबडीत तिचे बूट घरीच राहिले. अर्ध्या वाटेवरून ती परत आली, तोवर वर्गाची वेळ टळली होती. मी सहज म्हणाले, “जाऊ दे गं, घरीच बारा सूर्यनमस्कार घाल.” ती काही बोलली नाही, पोळपाट पुढे ओढून पोळ्यांना बसली. तिचे ते न बोलणे मला दिवसभर सलत राहिले. बाळंतपणात तिच्या रक्तातील साखर वाढली होती. अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो, नियमित व्यायाम हवाच, असे डॉक्टरांनी बजावले होते. नोकरी दिवसभर खुर्चीवर बसून करावयाची. म्हणजे हा वर्ग काही तिची हौस नव्हती. तीन पिशव्या निवांतपणे भरल्या जात, आणि चौथी मात्र उरलेल्या पाच मिनिटांत!

त्या रात्री मी वही घेऊन तिच्याजवळ बसले व म्हटले, “तुला काय काय लागते, ते एकदा नीट सांग.” ती यादी येथे देते.

दोन पंचे: लहान घाम टिपावयास, मोठा स्नानास. बंद दालनात समोरून वारा लागत नाही, त्यामुळे घाम लवकर सुकत नाही व अंगाचा ताप वाढतो. म्हणून पाण्याची मोठी बाटली हवी, आणि पाणी घोटघोट प्यावे. कठीण तळव्याचे बूट. मऊ तळवा पॅडलवर वाकतो व पावले दुखतात. आत गादी शिवलेली आखूड विजार; पहिल्या आठवड्यात बैठक टोचते, ती हिने सुसह्य होते. मी सुती कपड्यांची पुरस्कर्ती. पण सुती कापड घामाने जड होऊन मांड्यांना घासते, हे मला कबूल करावे लागले. यंत्राचे जड चाक पायांबरोबर फिरते आणि पाय थांबविले तरी लगेच थांबत नाही. म्हणून मोकळी ओढणी वा बुटांचे सुटे बंद तेथे नकोत. मंगळसूत्र व बांगड्या ठेवावयास एक लहानशी थैली असावी.

ओल्या कपड्यांसाठी निराळी मेणकापडी पिशवी. घामट कपडे अंगावर तसेच ठेवून कामावर गेल्यास गजकर्णास आमंत्रण! ते घरी येताच धुवावेत. एक केळे किंवा चार खजूर. आणि ज्यांना मधुमेहावर इन्सुलिन वा गोळ्या चालू आहेत त्यांनी साखरेची पुडी विसरू नये. शेवटी एका चिठ्ठीवर घरचा दूरध्वनी क्रमांक व रक्तगट.

पिशवीत न मावणारी एक गोष्ट म्हणजे संयम. पहिल्याच दिवशी शेजारणीच्या ईर्षेने जोर लावू नये. पुढील एकदोन दिवसांत मांड्या असह्य दुखून लघवी चहाच्या रंगाची झाली, तर स्नायूंना गंभीर इजा झाली असे समजून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. त्यात मूत्रपिंडांस धोका असतो.

यादी पुरी झाल्यावर माझ्या मनात आले, आमच्या वेळी बाईची स्वतःची अशी पिशवी भरली जाई ती बाळंतपणास माहेरी निघताना. आणि तीतही निम्मी बाळंतेच असत! केवळ आपल्या देहासाठी म्हणून काही बांधून घेण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आलाच नाही, आणि त्याचे मला कधी वाईटही वाटले नाही. आज गुडघे बोलू लागले आहेत, तेव्हा ते वाटते.

आता आमच्या घरी नियम केला आहे. रात्रीची जेवणे झाली की चिरंजीव आपला डबा व पिशवी आपणच लावतात; नातू आईची बाटली भरून ठेवतो; यजमान आपल्या गोळ्या स्वतः मोजून घेतात, कुरकुरत का होईना. सूनबाई तेवढ्या वेळात शांतपणे आपली पिशवी भरते. श्रावणानंतर तिचा एकही वर्ग पिशवीपायी बुडालेला नाही.

भगिनींनो, आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी आपल्या घरच्या बाकावर एकदा दृष्टी टाका. भरलेल्या पिशव्या मोजा, आणि त्या कोणी भरल्या तेही पाहा.