रुग्णसेवेच्या गुणवत्तेचे दूरस्थ धडे

निदान अचूक, औषध योग्य आणि तरीही रुग्ण दगावला, असे रुग्णालयात घडते. औषध वेळेवर पोचले नाही, हात धुण्याची सोय खाटेपासून दूर होती, पाळी बदलताना महत्त्वाचा निरोप राहून गेला, ही अशा मृत्यूंमागची कारणे असतात आणि वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना स्थान नसते. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने 1999 मध्ये तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाकाठी 44,000 ते 98,000 रुग्ण मृत्युमुखी पडत असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. आकड्यांवर वाद झाले. परंतु दोष व्यक्तीपेक्षा व्यवस्थेत शोधावा, हे त्या अहवालाचे सूत्र टिकले. निवासी डॉक्टरांना गुणवत्ता-सुधारणेचे शिक्षण द्यावे, या मागणीने जोर धरला तो त्यानंतरच.

या शिक्षणाचा उगम मात्र वैद्यकात नाही, कारखान्यात आहे. शूहार्ट आणि डेमिंग यांनी उत्पादनातील दोष कमी करण्यासाठी जे चक्र मांडले (योजना, छोटा प्रयोग, पडताळणी, पुढील कृती) तेच पुढे रुग्णालयात आले. नवजात बालके प्रसूतिकक्षातून अतिदक्षता विभागात थंडावलेल्या अवस्थेत पोचतात, असे समजू. आधी प्रत्येक बालकाचे तापमान नोंदवायचे. मग एका पाळीत, एकाच खाटेपाशी, आधीच उबवलेली दुपटी ठेवून पाहायची. आकडे सुधारले तर व्याप वाढवायचा, न सुधारले तर दुसरा उपाय योजायचा. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मुख्य शिरेत घातल्या जाणाऱ्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग कसा रोखला, याचा वृत्तान्त 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध नव्हते. लागणारे सर्व साहित्य एकाच गाडीवर ठेवलेले, एक छोटी तपासणी-यादी आणि डॉक्टरने पायरी गाळल्यास त्याला थांबवण्याचा परिचारिकेला दिलेला अधिकार, एवढ्या भांडवलावर संसर्गाचा मध्यक-दर तीन महिन्यांत शून्यावर आला. यांतली तिसरी गोष्ट पैशाने विकत मिळत नाही, हे येथे ध्यानात ठेवायला हवे.

हे ज्ञान दूरस्थ पद्धतीने देण्याचा मोह स्वाभाविक आहे. पहिल्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रम तयार करण्यास जो खर्च येतो, त्याच्या तुलनेत दहा हजाराव्या विद्यार्थ्याचा खर्च नगण्य असतो. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट’ने 2008 मध्ये विद्यार्थ्यांसाठी आपली ‘मुक्त शाळा’ सुरू केली ती याच हिशेबाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्लीस्थित प्रादेशिक कार्यालयाने तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने गुणवत्ता-सुधारणेचा जो सुटसुटीत पाठ तयार केला, तोही महाजालावर उपलब्ध आहे. सारांश, पाठांचा तुटवडा नाही.

तुटवडा आहे तो निवासी डॉक्टरच्या वेळेचा. अभ्यासक्रम विनामूल्य असला तरी चोवीस तासांची पाळी संपवून आलेल्या डॉक्टरच्या एका तासाची किंमत झोपेत मोजावी लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 2019 पासून संशोधनपद्धतीचा दूरस्थ अभ्यासक्रम सक्तीचा झाला. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो चालवते. गुणवत्ता-सुधारणेचाही तसाच अभ्यासक्रम सक्तीचा करणे प्रशासनाला सर्वांत सोपे जाईल. परंतु एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की त्याचा मोजमाप म्हणून उपयोग उरत नाही, हा गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा अर्थशास्त्रीय अनुभव येथेही येणार. प्रमाणपत्रे शंभर टक्के मिळतील. थंडावलेल्या बालकांची संख्या तेवढीच राहील. डॉक्टरांना गुणवत्ता-सुधारणा शिकवणाऱ्या 39 उपक्रमांचा 2007 मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा शिकणाऱ्यांचे ज्ञान वाढल्याचे बहुधा दिसले, रुग्णांच्या प्रकृतीवरील परिणामाबाबत मात्र चित्र संमिश्र होते. यात आश्चर्य नाही. पोहण्याचे पुस्तक पाठ करून कोणी नदी ओलांडत नाही.

खरी अडचण लाभाच्या वाटपात आहे. निवासी डॉक्टर काही महिन्यांसाठी एका विभागात असतो. त्याने सुरू केलेल्या सुधारणेचे फळ त्याच्या जाण्यानंतर येते आणि परीक्षेत त्याला त्याचा एकही गुण मिळत नाही. प्रबंधाला मात्र मान्यता असते, मग त्याची प्रत ग्रंथालयात धूळ खात का पडेना! अशा स्थितीत आळस हा तरुणांचा दोष म्हणणे अन्यायाचे ठरेल.

यातून वाट निघू शकते ती जिल्हा निवासी कार्यक्रमातून. पदव्युत्तर विद्यार्थ्याला जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणे बंधनकारक आहे. एवढ्या काळात मोठी सुधारणा तडीस जाणार नाही हे खरे. पण एका तुकडीने आरंभलेली नोंदवही पुढच्या तुकडीने हाती घेतली, तर चार तुकड्यांत वर्षभराची सलग आकडेवारी जमा होते. पाठ पडद्यावर घ्यावा, मूल्यमापन मात्र त्या नोंदवहीवरून व्हावे आणि आकडे सुधारले नाहीत तरी प्रामाणिक नोंदीला गुण मिळावेत. नाही तर नोंदवहीत सुधारणाच सुधारणा दिसू लागतील.

आणि अशी नोंदवही भरणार कोण? बालकाचे तापमान बहुतेक वेळा परिचारिकाच घेते. तिच्या वेळापत्रकात या पाठासाठी तासभर राखून ठेवायचा, तर त्या तासापुरती बदली परिचारिका द्यावी लागेल, आणि त्या बदलीची तरतूद जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात करावी लागेल.