खुर्ची मिळाली; वाणीचे काय?

ज्यास बोलता येते, बोलण्याचा अधिकारही आहे, त्याच्या देखत दुसऱ्यानेच बोलावे आणि ते त्याचेच बोलणे म्हणून दप्तरी दाखल व्हावे, यासारखी दुःसह स्थिती दुसरी नाही. आमच्या कित्येक ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या स्त्रियांची आज हीच अवस्था आहे.

संविधानाची ७३ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली व पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. खुर्ची मिळाली खरी. परंतु सभेत सरपंचबाई एका कडेस बसतात आणि प्रश्नांची उत्तरे त्यांचे यजमान देतात. गावही यजमानांसच सरपंच म्हणून हाक मारतो. बाईंनी तोंड उघडलेच, तर ‘तुम्हांस यातले काय कळते?’ हे उत्तर ठरलेले! मात्र ठरावाखाली सही बाईंची; उद्या हिशेबात अफरातफर निघाली, तर जाब द्यावयाचा तोही बाईंनीच. बोलणे एकाचे व जबाबदारी दुसरीची, हा कोठला न्याय?

स्त्रियांस अनुभव नाही, असा आक्षेप घेण्यात येतो. आम्ही विचारतो, पुरुष सरपंच पहिल्या दिवशी कोणता अनुभव घेऊन आला होता? ही दुरुस्ती होण्यापूर्वीच, १९८९ साली, जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावी सर्व सदस्य स्त्रियाच असलेली पंचायत निवडून आली होती, हे आक्षेपकांनी विसरू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ सालच्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. तिने अशा परभारे कारभारास जबर दंडाची शिफारस केली आहे. दंड अवश्य असावा. परंतु दंडाने यजमानांचे तोंड बंद होईल. बाईंचे उघडेलच असे नाही. त्यास सवय व सोबत लागते. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरवावी, अशी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहेच. ती सभा कागदावर न भरता खरोखर भरावी. पंचायतीच्या बैठकीत सदस्य नसलेल्यास बसू देऊ नये. आणि इतिवृत्तात जिने जे म्हटले तेच लिहावे.

गावाच्या पाण्याची पायपीट जिच्या पायांनी होते, तिचे म्हणणे ऐकल्यावाचून पाण्याचा ठराव करणे हा केवळ स्त्रीवर अन्याय नव्हे. तो गावाचाच तोटा होय. तेव्हा पुढील ग्रामसभेस जाल, त्या वेळी प्रश्न सरपंचबाईंस विचारा, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येईपर्यंत थांबा.